वाचकांची पत्रे, पुस्तकांची उत्तरे: विंड गॅपमध्ये कोणी काय पाहिले?

गेल्या अंकात याच सदरातून मी गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेच्या ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ या पहिल्या कादंबरीविषयी लिहिले होते. त्यावर आलेली पत्रे नेहमीपेक्षा लांब आहेत, काही रागाने लिहिलेली आहेत, आणि त्यांतल्या दोन-तीन पत्रांमुळे मी ती कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढली. ज्यांच्या हाती गेला अंक आला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची निवेदक कमिल प्रीकर शिकागोतील एका दैनिकात बातमीदार आहे. तिचा संपादक तिला तिच्याच जन्मगावी, मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील विंड गॅप या आडगावी पाठवतो. तिथे नऊ वर्षांच्या अ‍ॅन नॅशचा गळा आवळून खून झाला आहे आणि आता दहा वर्षांची नॅटली कीन बेपत्ता आहे. लवकरच नॅटलीचा मृतदेह दोन दुकानांमधल्या अरुंद फटीत अडकवलेला सापडतो. दोन्ही मुलींचे दात उपटलेले असतात. कमिलचा मुक्काम आईच्याच घरी असतो, आणि त्या घरात आई अडोरा, अबोल सावत्र वडील, तेरा वर्षांची सावत्र बहीण अमा आणि लहानपणीच वारलेल्या मॅरियन या दुसऱ्या बहिणीची जशीच्या तशी ठेवलेली खोली आहे.

प्रश्न: आपण गेल्या लेखात एका मानसिक विकाराचे नाव घेतले आणि तेवढ्यावरून मला मारेकरी कोण याचा अंदाज आला. पुस्तक मी आदल्याच दिवशी विकत घेतले होते. रहस्यकादंबरीवर लिहिणाऱ्याने एवढे पथ्य पाळू नये काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे आणि मी मनापासून दिलगीर आहे. त्या विकाराचा उल्लेख केल्याशिवाय कादंबरीचे वेगळेपण सांगता येणार नाही असे तेव्हा मला वाटले होते. तसे असले तरी आधी इशारा देणे माझे काम होते. आज मी ती चूक टाळली आहे. या सदराच्या मध्यावर मी एक ओळ लिहिली आहे, तिच्यापुढचा मजकूर कादंबरी संपवल्यावरच वाचावा. आपण मात्र पुस्तक अर्धवट ठेवू नका. आपला अंदाज कितपत बरोबर ठरला, हे शेवटचे पान मिटल्यावर मला अवश्य कळवा.

प्रश्न: माझे वय ७२ आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा मी वाचनालयातून रोज एक याप्रमाणे आणून वाचल्या आहेत. या कादंबरीत तपास म्हणावा असा तपासच होत नाही. बाहेरून आलेला पोलीस अधिकारी चाचपडत राहतो, निवेदक बाई दारू पिते, जुन्या मैत्रिणींकडे बसते आणि शेजाऱ्यांच्या गप्पा ऐकते. अशा पुस्तकाला पुरस्कार कसे मिळतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पुरस्काराचे आधी सांगते. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने २००७ साली या कादंबरीला दोन ‘डॅगर’ दिले. त्यांतला एक पदार्पण करणाऱ्या लेखकासाठी असतो आणि दुसरा, इयन फ्लेमिंग यांच्या नावाचा, थरारकादंबरीसाठी. पहिल्याच पुस्तकाला दोन्ही मिळणे ही मोठी गोष्ट होती. आपला मूळ आक्षेप मात्र पुरस्कारांनी खोडला जात नाही, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करायला हवा.

हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी मराठी वाचकाला जी गोडी लावली, तिच्या मुळाशी एक दिलासा होता. गुन्हा बाहेरून येतो, वेषांतर करून येतो, आणि झुंजारसारखा कोणीतरी त्याचा मुखवटा ओरबाडून काढतो, की मग घर, गल्ली आणि शहर पुन्हा पहिल्यासारखे होते. फ्लिन यांच्या गावात मुखवटा कोणीच घातलेला नाही. जे घडते ते पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत, शाळेच्या वाटेवर आणि जेवणाच्या टेबलावर घडते. इथे पुरावा कमी पडलेला नाही. पुराव्याकडे पाहण्याची गावाची तयारी नाही, आणि आपल्याला जे रेंगाळणे वाटले तो माझ्या मते या न पाहण्याचाच तपास आहे.

एक उदाहरण देते. नॅटली बेपत्ता होते तेव्हा तिच्याबरोबर खेळणारा एक लहान मुलगा पोलिसांना सांगतो की पांढऱ्या कपड्यातल्या एका बाईने तिला ओढून नेले. प्रत्यक्ष पाहणारा हा एकमेव साक्षीदार आहे. पण त्याची आई आजारी आहे, घर गरीब आहे, मुलगा घाबरलेला आहे, आणि लहान मुलींचे गळे आवळणारा माणूस पुरुषच असणार हे गावात आणि पोलीस ठाण्यात आधीच ठरून गेले आहे. त्यामुळे त्याचे बोलणे हे पोराने रचलेले परीकथेतले भूत ठरते. याच वेळी नॅटलीच्या मोठ्या भावाकडे बोटे दाखवली जातात, आणि त्याचे एक कारण असे की तो बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबातला आहे आणि चारचौघांत रडतो. मुलाची साक्ष फेटाळणारे आणि भावाच्या अश्रूंवर संशय घेणारे लोक तेच आहेत, आणि ते दुष्ट नाहीत. ते अंत्यविधीला जेवणाचे डबे घेऊन येतात. मला या कादंबरीतले सर्वांत भयंकर प्रकरण हेच वाटले, खून त्यानंतर.

आपण ज्यांना ‘शेजाऱ्यांच्या गप्पा’ म्हणालात, त्या गप्पांत लेखिकेने जवळजवळ सगळी सूत्रे ठेवली आहेत. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसल्यास आपल्यासारख्या मुरलेल्या वाचकाला ती भराभर सापडतील.

प्रश्न: माझी मुलगी १६ वर्षांची आहे. मैत्रिणींनी सुचवल्यामुळे तिला ही कादंबरी वाचायची आहे. निवेदक स्वतःला इजा करून घेत असे, असे आपण लिहिले होते. मी तिला पुस्तक द्यावे का? (एक आई, पुणे)

उत्तर: आधी त्या भागाचे स्वरूप सांगते. कमिलने किशोरवयापासून अनेक वर्षे स्वतःच्या त्वचेवर शब्द कोरले आहेत. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे कपडे घालते, आणि मनात काही उसळले की अंगावरचा एखादा शब्द तिला जळजळताना जाणवतो. लेखिकेने हे सनसनाटीसाठी लिहिलेले नाही. ज्या घरात बोललेले कोणी ऐकत नव्हते त्या घरात एका मुलीने शब्दांसाठी शोधलेली ती जागा आहे, आणि ते वाचताना तिच्याविषयी घृणा वाटत नाही, करुणा वाटते. तरीही वर्णने स्पष्ट आहेत. ज्या मुलाने किंवा मुलीने या वाटेवर एक पाऊल टाकले आहे, त्यांच्या हाती ही पाने एकट्याने पडू नयेत. याशिवाय पुस्तकात लैंगिक अत्याचार, अल्पवयीन मुलांची व्यसने आणि मुलींच्या मृतदेहांची वर्णने आहेत.

माझे मत विचाराल तर १६ व्या वर्षी मी हे पुस्तक मुलीला देण्याची घाई करणार नाही. पण तिने मागितलेच आहे तर नुसते नाही म्हणून कपाटात ठेवणारही नाही. आधी आपण स्वतः वाचा. मग तिला विचारा की मैत्रिणींनी या पुस्तकातले काय सांगितले आणि तिला त्यातले काय वाचायचे आहे. या प्रश्नाच्या उत्तरात कदाचित फक्त कुतूहल असेल, आणि कदाचित आपल्याला ठाऊक असायलाच हवे असे काहीतरी असेल. तसे काही जाणवले तर रागावू नका, बाह्या वर करून हात तपासू नका, तिच्याजवळ बसा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न: मी गेली अनेक वर्षे मिसुरी राज्यातच, सेंट लुइस शहराजवळ राहतो. इथली लहान गावे मी पाहिली आहेत. लोक साधे, मदतीला धावणारे आहेत. गावांचे हे असे चित्रण शहरी वाचकांना खूश करण्यासाठी केलेले वाटते. (एक वाचक, सेंट लुइस)

उत्तर: आपण तिथेच राहता, त्यामुळे आपल्या म्हणण्याला वजन आहे. विंड गॅप हे गाव काल्पनिक आहे, पण ते जिथे ठेवले आहे तो प्रदेश खरा आहे. नकाशात मिसुरीच्या आग्नेय कोपऱ्यात एक तुकडा खाली आर्कान्सॉ राज्यात घुसलेला दिसतो, त्याला तिकडे ‘बूटहील’, म्हणजे बुटाची टाच म्हणतात. हा कापसाचा मुलूख. राज्याच्या इतर भागांपेक्षा त्याची नाळ दक्षिणेशी अधिक जुळलेली आहे, आणि जुन्या घराण्यांचा मान, व्हरांड्यात बसून होणारी सौजन्याची देवाणघेवाण व त्याखालचा वर्णभेद हे सगळे त्या नाळेबरोबर आलेले आहे. कादंबरीतले गाव डुकरांच्या कत्तलखान्यावर जगते आणि तो उद्योग अडोराच्या घराण्याच्या मालकीचा आहे. गावातल्या कित्येक घरांची चूल ज्या बाईमुळे पेटते तिच्याविषयी वाईट बोलणार कोण, हा साधा आर्थिक प्रश्न लेखिकेने कुठेही भाषण न करता मांडला आहे.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. फ्लिन वाढल्या त्या कॅन्सस सिटीत, म्हणजे राज्याच्या अगदी दुसऱ्या, पश्चिमेकडच्या टोकाला असलेल्या मोठ्या शहरात. त्यामुळे गावातल्या काही दुय्यम बायका, विशेषतः कमिलच्या शाळासोबतिणी, एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटतात. तिथे लेखिकेची नजर बाहेरची आहे.

पण मदतीला धावणारे लोक आणि गप्प बसणारे लोक वेगळे असतात, हे मला मान्य नाही. माझे बालपण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले. आमच्या आळीत कोणाच्या घरी मयत झाले तर तेरा दिवस त्या घरची चूल पेटू न देणारी माणसे होती. त्याच आळीतल्या एका घरातून दुपारच्या वेळी एका मुलाच्या रडण्याचा आवाज येत असे, आणि तो येऊ लागला की माझी आजी उठून रेडिओचा आवाज वाढवत असे. ती अतिशय मायाळू बाई होती. रेडिओचे बटण फिरवताना ती माझ्याकडे कधीही पाहत नसे.

प्रश्न: या कादंबरीवरची मालिका पाहिली तर पुस्तक वाचण्याची गरज आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आहे. एचबीओने २०१८ साली केलेली आठ भागांची मालिका उत्तम आहे. दिग्दर्शन जाँ-मार्क व्हॅले यांचे, कमिलच्या भूमिकेत एमी अ‍ॅडम्स, आणि अडोराच्या भूमिकेसाठी पॅट्रिशिया क्लार्कसन यांना गोल्डन ग्लोब मिळाले. मात्र कादंबरी कमिलच्या तोंडून येते आणि तिचा आवाज कोरडा, दुखावलेला, नेमका आहे. पडद्यावर आपण कमिलला पाहतो, पुस्तकात आपण तिच्या कातडीच्या आत असतो.

यापुढील उत्तरांत कादंबरीचा शेवट उघड झाला आहे. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे.

प्रश्न: मी बालरोगतज्ज्ञ आहे. अडोराला झालेला विकार खरा आहे हे मला ठाऊक आहे, परंतु अशा कादंबऱ्या वाचून वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांच्या आयांकडे लोक संशयाने पाहू लागतील, अशी मला काळजी वाटते. आपले काय मत आहे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर: ही काळजी आपल्यासारख्या डॉक्टरने व्यक्त केली याचा मला आनंद आहे, कारण या विकाराचा इतिहासच तिला दुजोरा देतो. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ साली आजाराचे सोंग करून रुग्णालये पालथी घालणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरन मुंचहाउझेनचे नाव त्या विकाराला दिले. पुढे १९७७ साली रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलांची उदाहरणे मांडली. एका मुलाला घरातूनच जादा मीठ दिले जात होते, तर दुसऱ्या मुलीच्या लघवीच्या नमुन्यांत आई भेसळ करत होती. स्वतःच्या ऐवजी मुलाला आजारी करणाऱ्या पालकाच्या या वर्तनाला मेडो यांनी ‘मुंचहाउझेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी’ म्हटले. कादंबरीत हेच नाव येते. या शोधामुळे कित्येक मुलांकडे डॉक्टरांनी वेळीच वेगळ्या नजरेने पाहिले.

परंतु याच मेडो यांनी १९९९ साली इंग्लंडमधील सॅली क्लार्क या वकील महिलेच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. तिची दोन तान्ही बाळे एकामागून एक दगावली होती आणि तिच्यावर खुनाचा आरोप होता. तो खटला या विकाराचा नव्हता, पण संशयाची जातकुळी तीच होती. अशा घरात एक बाळ पाळण्यात अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक असते, म्हणून दोन बाळे दगावण्याची शक्यता त्या संख्येला तिनेच गुणून येणारी, म्हणजे ७ कोटी ३० लाखांत एक असते, असे न्यायालयाला सांगण्यात आले. एकाच घरातल्या दोन भावंडांत आनुवंशिकता आणि परिस्थिती समान असते, त्यामुळे असा गुणाकार करताच येत नाही, हे रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधील संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ साली जाहीरपणे सांगितले. सॅली क्लार्क २००३ साली निर्दोष सुटली. तोपर्यंत तिने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, आणि २००७ साली तिचा मृत्यू झाला.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की कादंबरीला दोष देण्यापेक्षा कादंबरी काय करते ते नीट वाचावे. अडोरावरचा संशय तिच्या वागण्याच्या शैलीवरून सिद्ध होत नाही. रुग्णालयातली नोंद, औषधांचे परिणाम आणि शेवटी घरात सापडलेल्या वस्तू यांवरून तो सिद्ध होतो. आणि एवढे करूनही त्या निदानाने गाव फसते, कारण आई दोषी आहे हे कळताच सगळेजण तपास संपला असे मानून मोकळे होतात. मॅरियनला आईनेच मारले हे खरे. अ‍ॅन आणि नॅटलीला मारणारे हात दुसरे होते. एका बरोबर निदानाने दुसरा गुन्हा झाकला जातो, हे या कथानकाचे खरे वैद्यकीय तात्पर्य आपल्या क्षेत्रातल्या वाचकांना अधिक जवळून समजेल असे मला वाटते.

प्रश्न: आई विष घालते, तेरा वर्षांची मुलगी खून करते, निवेदक स्वतःला जखमा करते. स्त्रियांविषयी इतके विकृत लिहिणारी लेखिका स्वतः स्त्री आहे याचे दुःख वाटते. जात्यावरच्या ओवीतसुद्धा आईची माया गाणाऱ्या आपल्या समाजाने असे साहित्य का वाचावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आपले पत्र मी तीनदा वाचले, कारण त्यात राग असला तरी त्यामागे आईविषयीचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमाचा अनादर मला करायचा नाही. पुरुषांची हिंसा पिढ्यान्‌पिढ्या कशी उतरते याच्या कथा खूप आहेत, स्त्रियांची हिंसा कशी उतरते याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आपण हे लिहिले, अशा आशयाचे फ्लिन यांनी स्वतः म्हटले आहे. पण लेखकाचा हेतू सांगून वाचकाचे समाधान होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी आपल्याला पुस्तकातल्या एका प्रसंगाकडे नेते.

कादंबरीच्या शेवटाकडे कमिलला आईविषयी सगळे कळलेले असते. ती प्रौढ आहे, कमावती आहे, तिच्याकडे गाडी आहे, ती त्या क्षणी घर सोडून जाऊ शकते. तरीही ती बिछान्यात पडून राहते आणि आई आणून देते ते औषध आणि दूध घेते. त्यात काय आहे ते तिला माहीत आहे. पुरावा हवा, धाकट्या बहिणीला वाचवायला हवे, ही कारणे खरी आहेत. पण आई ओल्या फडक्याने तिचे अंग पुसते, केस मागे सारते, मऊ आवाजात बोलते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली आई आपल्याजवळ बसली आहे या जाणिवेने त्या तिशीतल्या बाईला किती बरे वाटते, हे फ्लिन यांनी ज्या नितळपणे लिहिले आहे ते वाचताना माझा घसा दाटून आला. मॅरियन निमूटपणे औषध घेत असे म्हणून ती लाडकी होती, आणि तीच मेली. कमिल लहानपणी तोंड घट्ट मिटून घेई म्हणून ती जगली, आणि त्याची शिक्षा म्हणून आईच्या नजरेतून कायमची उतरली. या घरात प्रेम हवे असेल तर आजारी पडावे लागते. मुलगी आईच्या मायेसाठी विष पिते, यापेक्षा आईच्या मायेची थोरवी कोणत्या ओवीने अधिक सांगितली असती?

मायेची नक्कल इतकी घातक ठरते, कारण अस्सल माया इतकी मोलाची असते. ही कादंबरी मातृत्वाचा अपमान करते असे मला वाटत नाही. ती मातृत्वाच्या नावाखाली जे खपवले जाते त्याचा अपमान करते. अडोराने गावात स्वतःची प्रतिमाच मुलगी गमावलेली माऊली अशी केली आहे, आणि अशा बाईला प्रश्न विचारणे हेच पाप ठरते. आपल्याकडे सुना जाळल्या गेल्या त्या घरांतही बाहेरच्या खोलीत कोणीतरी ‘सासू म्हणजे दुसरी आई’ असेच म्हणत होते. आपण हे पुस्तक वाचू नये असे ठरवलेत तर तो आपला हक्क आहे. पण ते लिहिणाऱ्या स्त्रीविषयी दुःख करू नये, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न: शेवट फार घाईत उरकला आहे असे आमच्या वाचनगटातल्या सर्वांचे मत पडले. अमा मारेकरी आहे हे शेवटच्या काही पानांत सांगून टाकले आहे. आपल्याला हे खटकले नाही का? (एक वाचनगट, सातारा)

उत्तर: खटकले. आईची अटक झाल्यावर कमिल अमाला शिकागोला घेऊन येते, तिथे अमाच्या वर्गातल्या एका मुलीचा खून होतो, कमिलला अमाच्या बाहुलीघरात दात सापडतात, आणि मग गुन्हा कसा घडला याचा खुलासा अहवालासारखा भराभर येतो. अमाच्या मैत्रिणींनी तिला साथ दिली होती, ही गोष्ट तर स्वतंत्र प्रकरणाच्या तोलाची होती, ती काही ओळींत संपते. पहिल्या पुस्तकात अनेक लेखकांचे असे होते. मनात वर्षानुवर्षे घोळलेले घर सावकाश रंगवले जाते आणि दार मात्र धाडकन लागते.

तरी ‘सांगून टाकले’ हे मला पटत नाही, आणि त्यासाठी बाहुलीघराकडेच पाहावे लागेल. अमाचे बाहुलीघर म्हणजे आईच्या हवेलीची हुबेहूब प्रतिकृती आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात एक प्रसंग येतो: मागवलेले जेवणाचे इवलेसे टेबल येते आणि त्याचे पाय मूळ टेबलासारखे नाहीत म्हणून ही तेरा वर्षांची मुलगी ते मोडून टाकते, थयथयाट करते. पहिल्या वाचनात आपण म्हणतो, लाडावलेली पोर. दुसरीकडे, अडोराच्या खोलीतली जमीन हस्तिदंताची आहे, ती घराण्याची शान आहे, आणि तसा हस्तिदंत आता कुठेही मिळत नाही, हे आपल्याला सांगितलेले असते. ज्या मुलीला टेबलाच्या पायातला एवढासा फरक सहन होत नाही, ती बाहुलीघरातल्या आईच्या खोलीत जमीन कशाची घालणार, हा प्रश्न मला पहिल्या वाचनात एकदाही पडला नाही. आपल्या गटात तो कोणाला पडला असेल तर मला त्या वाचकाचे कौतुक वाटेल. दोन्ही मुलींचे दात का उपटले होते याचे उत्तर त्या टेबलापाशीच होते.

आणखी एक. अ‍ॅन आणि नॅटली या दोघी चावऱ्या, हट्टी, गावाला नकोशा मुली होत्या, आणि अडोराने त्यांना जवळ केले होते. अमाला ते सहन झाले नाही. आईचे लक्ष दुसरीकडे वळू नये म्हणून एक मुलगी दूध पिते आणि दुसरी गळा आवळते. कमिल आणि अमा यांच्यातले अंतर तेवढेच आहे, आणि म्हणूनच शेवटी कमिल स्वतःला विचारते की आपण अमाची सेवा केली ती दयेपोटी, की आईचाच रोग आपल्यात उतरला म्हणून.

प्रश्न: मी निवृत्त परिचारिका आहे. मुलांच्या वॉर्डात ३१ वर्षे काम केले. या कादंबरीतील ज्या नर्सने मॅरियनच्या आईविषयी संशय कळवला होता, तिच्याविषयी आपण गेल्या लेखात एक शब्दही लिहिला नाही. मी नोकरीत असताना एकदा तशीच नोंद केली होती आणि मला सांगण्यात आले की तुमचे काम ताप मोजण्याचे आहे. ते मूल पुढे कुठे गेले मला माहीत नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आपले पत्र सर्वांत शेवटी आले आणि त्याच्यामुळेच मी पुस्तक पुन्हा उघडले. आपण म्हणता ते खरे आहे. मॅरियनच्या रुग्णालयातील कागदपत्रांत एका नर्सचे पत्र आहे. या मुलीच्या आजारांमागे तिची आईच आहे, अशी शंका तिने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली होती. घराणे मोठे होते, आईचे वागणे लाघवी होते, आणि ते पत्र फाइलीत गेले. बऱ्याच वर्षांनी कमिल ते वाचते तेव्हा तिच्या संशयाला पहिल्यांदा जमीन मिळते. मॅरियनला त्याचा उपयोग झाला नाही. अमा आणि कमिल मात्र त्या कागदामुळे आईच्या घरातून जिवंत बाहेर पडल्या.

आपण केलेली नोंदही कुठल्यातरी फाइलीत आहे. ती आपण केली, आपल्याला तसे करू नका म्हणून सांगितले गेले, आणि इतक्या वर्षांनंतरही ते मूल आपल्या लक्षात आहे, हे मी या पानावर आपल्या परवानगीने छापते आहे. विंड गॅपमध्ये जे जे पाहिले गेले त्याची यादी मी गेल्या लेखात केली होती. पांढऱ्या कपड्यातली बाई पाहणारा मुलगा तिच्यात होता, ही नर्स राहून गेली. कादंबरीत तिला फार पाने नाहीत. तिचे नाव बेव्हर्ली व्हॅन लम.